मदत हवी आहे: लॅपिंग (पेस्टने घासून वॉल्व बसवणं) करूनही एक्झॉस्ट वॉल्वमधून रॉकेल पाझरतंय

नमस्कार मंडळी,

विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या, एका सिलिंडरच्या जुन्या डिझेल इंजिनाचं हेड उतरवलंय. सकाळी हँडल मारून मारून दम निघायचा, इंजिन धरायचंच नाही. हाताने कॉम्प्रेशनवर दाबून ठेवलं की सायलेन्सरच्या तोंडाशी सुस्स आवाज यायचा. एअर क्लीनरकडे, ब्रीदरकडे (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी नळी) काही नाही. म्हणून पिस्टनच्या रिंगांना हात न लावता आधी वॉल्व काढले.

सीटवर (हेडमधली वॉल्व टेकतो ती कडा) काळे खड्डे होते. आधी जाड, मग बारीक वॉल्व पेस्ट लावून, रबरी कपाची काठी रवीसारखी दोन्ही तळव्यांत फिरवत, मध्ये मध्ये वॉल्व उचलून जागा बदलत लॅपिंग केलं. सगळं धुऊन, स्प्रिंगा चढवून गळती बघायला पोर्टमध्ये रॉकेल भरलं. इनलेट कोरडा. एक्झॉस्टमधून थेंब येतोच.

वॉल्वच्या तोंडावर टेकल्याच्या खुणेचा करडा पट्टा सगळीकडे सारखा आहे. सीटवर मात्र एका बाजूला जेमतेम १ मिमी आणि समोरच्या बाजूला २ मिमीच्या वर. वॉल्व थोडा उचलून हलवला तर गाइडमध्ये (वॉल्वची दांडी सरकते ती नळी) डुलतो.

तालुक्याचे मिस्त्री म्हणतात, अजून पेस्ट मारा, बसेल. मला पटत नाही. घासू तितका वॉल्व सीटमध्ये खोल जाणार, पिस्टनवरची जागा वाढून कॉम्प्रेशन आणखी घटणार. शिवाय एक्झॉस्ट वॉल्वची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते, जिथे नीट टेकणार नाही तिथून तो जळेल.

गाइड आधी बदलू की सीट? सीट कापल्यावर लॅपिंग परत लागतं का? हरभरा पाण्याला आलाय, जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:

दादा, पेस्ट थांबवा. तुमचं निदान बरोबर आहे. गाइड आधी, कारण सीट कटरचा पायलट, म्हणजे कटर सरळ धरणारी दांडी, गाइडमध्येच बसतो. गाइड ढिला असेल तर नवी सीटही वाकडीच कापली जाईल. त्याआधी वॉल्वचा स्टेम (दांडी) मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी मोजा, झिजला असेल तर वॉल्वही बदला. गाइड दाबून बसवताना भोक आवळतं, म्हणून रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) फिरवूनच घ्या.

सीटचा कोन मॅन्युअलप्रमाणे, बहुधा ४५ अंश. पट्टा रुंद झाला तर वरून ३० आणि खालून ६० अंशांच्या कटरने कमी करता येतो. एक्झॉस्टला दीड ते दोन मिमी राहू द्या, इनलेटपेक्षा थोडा रुंदच बरा. मग बारीक पेस्टने अगदी हलकं लॅपिंग. सीटवर पेन्सिलच्या आडव्या रेघा ओढून वॉल्व किंचित फिरवा, सगळ्या रेघा तुटल्या पाहिजेत. पेस्टचा कण गाइडमध्ये राहिला तर नवा गाइडही खाईल.

धागाकर्ता:

मनापासून आभार दादा, उद्याच स्टेम मोजतो. सीट कापल्यावर वॉल्व खोल गेला तर?

प्रतिसाद:

हेडच्या पातळीपासून तो किती खाली चालतो, ती मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. तिच्या पलीकडे गेला तर वर्कशॉपमध्ये नवी सीट रिंग बसवून घ्या. आणि जोडल्यावर टॅपेटचा गॅप (वॉल्वच्या दांडीच्या टोकाशी ठेवायची फट) नव्याने लावा, सीट कापली की तो कमी होतो.