सीएनंतर सीएमए: जळगावात उपयोग कितपत?

काही जण म्हणतात, सीएवर सीएमए (कॉस्ट अकाउंटंटची पात्रता) केलं की कॉस्ट ऑडिटची, म्हणजे माल बनवायच्या खर्चाच्या नोंदी तपासायची, कामं आपोआप येतात. पुण्या-मुंबईकडे येत असतीलही, पण आपल्याकडचं गणित वेगळं आहे. कॉस्ट ऑडिट कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ खाली होतं, म्हणजे ते फक्त कंपन्यांना लागू. ज्या मालाला हे ऑडिट लागतं त्याच्या नियमावलीतल्या यादीत साखर असली तरी सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे. जळगावच्या डाळमिलमध्ये बरीचशी भागीदारी किंवा घरची मालकी, आणि डाळ त्या यादीतच नाही. राहिले पाइप, खाद्यतेल, सूत. तिथेही कंपनीची एकूण उलाढाल १०० कोटी आणि त्या मालाची ३५ कोटी लागते. अशी किती नावं आठवतात बघा!

नोकरी करायची असेल तर मात्र मी सीएमए जरूर करा म्हणेन. एमआयडीसीत मी डाळमिलचे हिशेब बघतो. क्विंटलभर कडधान्यामागे डाळीचा उतारा किती (म्हणजे डाळ किती निघाली), चुणी (डाळ करताना उरणारा चुरा) कितीला गेली, यावर मालकाचा सगळा नफा ठरतो आणि ताळेबंदात यातलं काहीच दिसत नाही. हे मांडून दाखवणारा माणूस मोठ्या कारखान्यांना खरंच हवा असतो.