मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातील काउंटीचा मृत्यूचा दाखला वारस नोंदीसाठी कसा मिळवावा?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त अनेक वर्षे कॅलिफोर्नियात, बे एरियातील एका काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) राहत होते. गेल्या ७ मार्चला तिथेच त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते, आईवडील त्यांच्या आधीच गेलेले आहेत, आणि ग्रीन कार्ड असले तरी पासपोर्ट त्यांनी शेवटपर्यंत भारतीयच ठेवला होता. वाई तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर आम्हा भावंडांबरोबर त्यांचेही नाव आहे. वारस नोंदीसाठी अर्ज केला, तेव्हा अपोस्टिल (कागदावरील अधिकाऱ्याची सही खरी असल्याचे, परदेशात चालणारे प्रमाणपत्र) केलेला मृत्यूचा दाखला आणा असे सांगण्यात आले आणि तिथून घोळ सुरू झाला.

अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्युनरल होमने दाखल्याच्या दोन प्रती काढून दिल्या होत्या. बंधूंच्या मित्राने त्या अपोस्टिलसाठी पाठवल्या, पण दाखल्यावर आरोग्य अधिकाऱ्याची सही असल्याने तो या स्थितीत स्वीकारता येत नाही, अशी चिठ्ठी लावून त्या परत आल्या. मग त्या मित्राने स्वतः काउंटीच्या कार्यालयात अर्ज करून तिसरी प्रत मिळवली. तिच्यावर मात्र ही प्रत केवळ माहितीसाठी असून ओळख सिद्ध करण्यास ग्राह्य नाही, अशा अर्थाची ओळ ठळक छापलेली आहे. आता आमच्या हातात तीन कागद आहेत आणि एकही कामाचा नाही.

माझा प्रश्न असा की, सख्खा भाऊ या नात्याने मला इथे बसून योग्य प्रत मागवता येईल का, आणि त्यासाठीचे प्रतिज्ञापत्र कोणासमोर करावे लागेल? दुसरे म्हणजे, आमच्या ग्रामपंचायतीतील एका गृहस्थांनी मृत्यूची नोंद इथेच पुन्हा करून घ्या, म्हणजे कटकट मिटेल, असे सुचवले आहे. हे शक्य आहे का? अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

देवराई

आपल्या बंधूंबद्दल वाचून वाईट वाटले. मी गेली बावीस वर्षे कॅलिफोर्नियात आहे आणि दोन स्नेह्यांच्या निधनानंतर या कार्यालयांच्या पायऱ्या चढलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इथे मृत्यूची नोंद आठ दिवसांच्या आत आणि अंत्यविधीपूर्वी स्थानिक निबंधकाकडे व्हावी लागते, आणि हे काम बहुधा फ्युनरल होमच करते. सुरुवातीच्या काळातील प्रती काउंटीच्या आरोग्य विभागातून निघतात, त्यामुळे त्यांच्या तळाशी आरोग्य अधिकाऱ्याची सही असते. आपल्या दोन्ही प्रती याच जातीच्या आहेत. त्या खोट्या नाहीत आणि वायाही गेलेल्या नाहीत, हे आधी लक्षात घ्या. अपोस्टिल देणारे कार्यालय म्हणजे राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट. ते दाखल्यातील मजकूर तपासत नाही, खाली सही करणारा अधिकारी आपल्या नोंदीतला आहे की नाही एवढेच पाहते. काउंटी क्लर्क-रेकॉर्डर (काउंटीचे दस्तऐवज सांभाळणारा अधिकारी) किंवा राज्याचा निबंधक यांची सही तिथे चालते. आरोग्य अधिकाऱ्याची सही असेल तर ती आधी त्याच काउंटीच्या क्लर्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते. म्हणजे त्या मित्रांनी त्याच दोन प्रती क्लर्कच्या खिडकीवर नेऊन सहीचे प्रमाणपत्र जोडून घेतले, तर नवीन दाखला मागवण्याची गरजच पडणार नाही, आणि या कामासाठी ते नातेवाईक असण्याचीही आवश्यकता नाही. मी पहिला प्रयत्न हाच करीन.

तिसऱ्या प्रतीचा नाद सोडा. कॅलिफोर्नियात कोणालाही दाखल्याची माहितीपर प्रत मिळते, परंतु अधिकृत प्रत आईवडील, मुले, नातवंडे, आजी-आजोबा, भावंडे, पती किंवा पत्नी, मृताच्या मालमत्तेचे काम पाहणारा वकील अशा ठरावीक व्यक्तींनाच मिळते. मित्र कितीही जवळचा असला तरी तो या यादीत बसत नाही. आपण सख्खे भाऊ आहात, त्यामुळे आपला अधिकार निर्विवाद आहे. अर्जासोबत नाते सांगणारे शपथेवरचे निवेदन द्यावे लागते. प्रत्यक्ष खिडकीवर गेल्यास त्यावर कर्मचाऱ्यासमोर सही करता येते, टपालाने अर्ज करायचा तर ती सही नोटरीसमोर व्हावी लागते. भारतातून करायचे झाल्यास मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन जाणे हा खात्रीचा मार्ग आहे. तिथे प्रत्येक शिक्क्यामागे ५० डॉलर पडतात. एकाच निवेदनावर हव्या तितक्या प्रती मागवता येतात, तेव्हा कंजूषी न करता चार-पाच मागवाव्यात. बँक आणि विमा कंपनीही मूळ प्रतच मागतात.

एक विचारू का? आपले आणखी कोणी सख्खे भावंड अमेरिकेत आहे का?

सातबारा_वाचक

महसूल खात्यात तीस वर्षे काढली आहेत, म्हणून फक्त इकडच्या बाजूचे लिहितो.

ग्रामपंचायतीतील गृहस्थांचा सल्ला मुळीच ऐकू नये. मृत्यूची नोंद ज्या ठिकाणी तो घडला तिथेच होते. परदेशातील भारतीय नागरिकांसाठी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील कलम २० आहे आणि ती नोंद तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत होते. परत आल्यावर इथे नोंदवण्याची जी सवलत त्याच कलमात आहे, ती फक्त परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी आहे, मृत्यूसाठी नाही. आपल्या बंधूंचा पासपोर्ट भारतीय असल्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वकिलातीत निधनाची नोंद आणि पासपोर्ट रद्द करणे ही दोन्ही कामे करून घ्यावीत.

दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मी तिच्यापायी फेरफार अडलेले पाहिले आहेत. अमेरिकन दाखल्यावर आधी महिना आणि मग दिवस लिहितात. आपल्या दाखल्यावर ०३/०७ असेच असणार आणि आपल्याकडचा कोणीही ते ३ जुलै असेच वाचणार. दाखल्याचे मराठी भाषांतर जोडाल त्यात तारीख अक्षरी, ‘सात मार्च’ अशी लिहावी आणि अर्जातही तीच ठेवावी. तसेच सातबाऱ्यावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, तर अमेरिकन कागदांवर वडिलांच्या नावाचे बहुधा एकच अक्षर उरते. कॅलिफोर्नियाच्या दाखल्यात मृताच्या वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो. तो बरोबर भरला आहे ना, हे आधी पाहा, कारण व्यक्ती एकच आहे हे दाखवायला तोच उपयोगी पडेल.

वारसाने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचे असते, पण आपण अर्ज दिलेलाच आहे. त्याची पोच जपून ठेवा.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. दाखला काढून पाहिला. तारीख खरोखरच ०३/०७ अशी आहे, आणि आमच्या अर्जाच्या पोचपावतीवर मृत्यूचा दिनांक ३ जुलै असा नोंदवला गेला आहे! हे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. उद्याच दुरुस्तीचा अर्ज देतो. वडिलांचे नाव पूर्ण आणि बरोबर आहे.

देवराई, धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. परंतु ते राज्य वेगळे, म्हणून तिचा या कामी उपयोग नाही असे आम्ही धरून चाललो होतो.

देवराई

उपयोग नाही कसा? अधिकार नात्यावरून ठरतो, राहण्याच्या ठिकाणावरून नाही. तिने काउंटीचा अर्ज घ्यावा, न्यू जर्सीतल्याच नोटरीसमोर निवेदनावर सही करावी आणि टपालाने पाठवावे. तिथल्या नोटरीचा शिक्का कॅलिफोर्नियात चालतो. आपल्याला मुंबईची खेप आणि ५० डॉलर दोन्ही वाचतील. मात्र आरोग्य विभागाकडे न पाठवता क्लर्क-रेकॉर्डरकडे पाठवावे, आणि इतक्या अलीकडची नोंद त्यांच्याकडे आली आहे का, हे तिने आधी फोनवर विचारून घ्यावे. आली नसेल तर सॅक्रामेंटोला राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे अर्ज करावा. त्यांच्याकडे १९०५ च्या जुलैपासूनच्या नोंदी आहेत आणि त्यांची सही अपोस्टिलला थेट चालते, फक्त वेळ अधिक लागतो.

अपोस्टिलचे शुल्क प्रत्येकी २० डॉलर आहे. स्वतः खिडकीवर गेल्यास ६ डॉलर जास्त. सोबतच्या कागदावर दाखला कोणत्या देशात वापरायचा ते विचारतात, तिथे भारत लिहायला विसरू नये. अपोस्टिल जोडलेला कागद दाखल्यापासून कधीही सुटा करू नका, छायाप्रत काढण्यासाठीसुद्धा नाही. लॅमिनेशनही नको. अस्सल प्रतीच्या कडेची नक्षी अंगठ्याला उठावदार लागते आणि तपासणारा माणूस तीच चाचपतो. प्लास्टिकखाली ते कळत नाही.

कृष्णाकाठ

बहिणीशी बोललो. ती शुक्रवारी नोटरीकडे जाते आहे. बंधूंचे मित्र सोमवारी जुन्या दोन प्रती घेऊन क्लर्ककडे जाणार आहेत. दोन्हींपैकी जे आधी होईल त्यावर पुढचा अर्ज करू आणि इथे कळवीन.