मदत हवी आहे: क्यूएमएलसाठी टीमचे कोडिंग नियम कसे ठरवावेत?

मंडळी, नमस्कार.

आम्ही पाचसहा जण मिळून क्यूटी ६ (ॲप बनवायचं फ्रेमवर्क) वर एका डेस्कटॉप ॲपचा इंटरफेस क्यूएमएलमध्ये (क्यूटीची इंटरफेस लिहायची भाषा) लिहितो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक जण आयडी पहिल्या ओळीत लिहितो, दुसरा जिथे आठवेल तिथे. एकाने तर ऑनक्लिक्डच्या (बटण दाबल्यावर चालणाऱ्या हँडलरच्या) आत तीसेक ओळींचं जावास्क्रिप्ट कोंबलंय. कोड रिव्ह्यूचा निम्मा वेळ "हे वर घे, ते खाली घे" यातच जातो. शेवटी नियम लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

क्यूटीच्या डॉक्युमेंटेशनमधलं कोडिंग कन्व्हेन्शन्सचं पान वाचून झालंय. त्यातला क्रम (आयडी, प्रॉपर्टी डिक्लेरेशन्स, सिग्नल्स, फंक्शन्स, मग ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीज आणि शेवटी चाइल्ड ऑब्जेक्ट्स) सगळ्यांना मान्य आहे. गाडी अडते ती पुढे:

१. दीडशेच्या वर जुन्या फायली आहेत. एका दमात फॉरमॅट कराव्यात, की हात लागेल तशी एकेक?

२. बाहेरून वापरायच्या नाहीत अशा प्रॉपर्टीज कशा लिहिता? आमच्याकडे या एका मुद्द्यावर दोन तट पडलेत.

३. डेलिगेटमध्ये (यादीतली एकेक ओळ दाखवणाऱ्या कंपोनंटमध्ये) इंडेक्स (ओळीचा क्रमांक) आणि मॉडेलडेटा (ओळीतला डेटा) थेट वापरणं बंद करून रिक्वायर्ड प्रॉपर्टी (बाहेरून मिळालीच पाहिजे अशी) सक्तीची करावी का? एका फाइलमध्ये करून बघितलं, तर अर्धी यादी कोरी दिसायला लागली.

– महिरपी कंस

*

१ चं उत्तर सोपं आहे: एका दमात. क्यूएमएलफॉरमॅट या क्यूटीच्या फॉरमॅटरला नॉर्मलाइझचा पर्याय द्या, तो ॲट्रिब्यूट्सचा क्रमही लावून देतो. फक्त त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल नको. मग त्या कमिटचा हॅश एका फाइलमध्ये लिहून गिटच्या ब्लेम.इग्नोअररेव्हजफाइल या सेटिंगला ती फाइल दाखवा (गिट २.२३ पासून सोय आहे). ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिटच्या कमांडमध्ये) जुन्या लेखकांचीच नावं दिसत राहतील. चालू ब्रँचेस आधी मर्ज करून घ्या, नाहीतर कॉन्फ्लिक्ट सोडवता सोडवता नाकी नऊ येतील.

आणि एक. जे फॉरमॅटर करतो ते नियमांच्या कागदावर लिहूच नका. चार स्पेस की टॅब यावर माणसांनी भांडायचे दिवस गेले.

– रिकामा आयटम

*

३ बद्दल. यादी कोरी झाली कारण डेलिगेटमध्ये एक जरी रिक्वायर्ड प्रॉपर्टी लिहिली, की बाकीचे रोल्स (मॉडेलमधली डेटाची नावं) आपोआप मिळणं बंद होतं. म्हणजे 'रिक्वायर्ड प्रॉपर्टी स्ट्रिंग नाव' लिहिलंत आणि खाली इंडेक्स तसाच वापरलात, तर इंडेक्स सापडतच नाही. त्यालाही 'रिक्वायर्ड प्रॉपर्टी इंट इंडेक्स' असं मागून घ्यावं लागतं. कन्सोलमध्ये रेफरन्स एररच्या ओळी असतील बघा.

सक्ती जरूर करा. क्यूटी ५.१५ पासून ही सोय आहे. डेलिगेटला काय काय लागतं ते वरच्या चार ओळींतच कळतं, आणि एखादा रोल मॉडेलमध्ये नसेल तर लगेच बोंब होते. फायली बदलताना एक डेलिगेट घ्या, तो पूर्ण करा, मगच पुढचा. अर्धवट सोडलेला डेलिगेट जुन्यापेक्षा वाईट.

– डेलिगेटवाला

*

वरचं सगळं ठीक, पण तुमच्या यादीत खरा धोकादायक मुद्दा आलाच नाही. मांडणी चुकली तर डोळ्यांना त्रास होतो, बाइंडिंग (प्रॉपर्टीची किंमत आपोआप ताजी ठेवणारं सूत्र) तुटलं तर बग येतो. नियम लिहायचेच तर इथून सुरुवात करा.

पॅनेलमध्ये असं आहे समजा:

विड्थ: पेरेंट.विड्थ / २

आणि कुठल्यातरी बटणाच्या ऑनक्लिक्डमध्ये:

पॅनेल.विड्थ = २००

बटण दाबेपर्यंत विंडो लहानमोठी केली की पॅनेलही तसं होतं. एकदा दाबलं की वरचं बाइंडिंग गेलं. त्यानंतर विंडो कितीही ताणा, पॅनेल २०० वरच. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि टेस्टिंगमध्ये बटण दाबल्यावर विंडो ताणून बघायचं कुणाला सुचत नाही.

आमचा नियम असा: हँडलरने फक्त स्थिती बदलायची, दिसणं बाइंडिंगने ठरवायचं. पॅनेलला 'प्रॉपर्टी बूल आकसलेलं: फॉल्स' द्यायची, विड्थ लिहायची 'आकसलेलं ? २०० : पेरेंट.विड्थ / २', आणि बटणाने तेवढं आकसलेलं उलटं करायचं. क्यूटी.बाइंडिंग वापरून बाइंडिंग परत जोडता येतं, पण ते सारखं लागत असेल तर रचनेतच घोळ आहे असं मी समजतो. तुमचा तो तीस ओळींचा हँडलर आधी उघडून बघा. त्यात अशा दोनतीन असाइनमेंट्स नसल्या तरच नवल.

दुसरं, पुन्हा वापरायच्या कंपोनंटच्या रूटवर (सगळ्यात बाहेरच्या ऑब्जेक्टवर) अँकर्स किंवा लेआउटच्या प्रॉपर्टीज लिहायच्या नाहीत. इम्प्लिसिटविड्थ आणि इम्प्लिसिटहाइट (कंपोनंटचं स्वतःचं सहज माप) द्या. कुठे आणि केवढं बसायचं ते वापरणारा ठरवेल.

– बाइंडिंग लूप

*

२ वर कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर आहेत. नावाआधी अंडरस्कोअर लावणं स्वस्त, पण तो नुसता शिष्टाचार. बाहेरचा माणूस ती प्रॉपर्टी खुशाल वापरू शकतो. आत क्यूटीऑब्जेक्ट ठेवून त्याला आयडी दिला, तर तो आयडी फाइलबाहेरून 'कंपोनंट.आयडी' असा गाठता येत नाही, म्हणजे बऱ्यापैकी खरा आडपडदा मिळतो. पण प्रत्येक इन्स्टन्समागे एक जादा ऑब्जेक्ट तयार होतो. मोठ्या स्क्रीनला काही फरक पडत नाही, हजारो ओळींच्या यादीतल्या डेलिगेटला पडू शकतो. आम्ही स्क्रीनसाठी क्यूटीऑब्जेक्ट, डेलिगेटसाठी अंडरस्कोअर असं ठेवलंय. दिसायला विजोड आहे, मान्य.

याहून महत्त्वाचं म्हणजे अनक्वालिफाइड ॲक्सेस. नुसतं 'शीर्षक' न लिहिता 'रूट.शीर्षक' लिहा ('रूट' हा बाहेरच्या ऑब्जेक्टचा आयडी). वाचणाऱ्याला ते कुठून आलं ते कळतं आणि क्यूएमएल कंपायलरलाही. 'प्रॉपर्टी व्हार'ऐवजी नेमका टाइप देण्यामागचं कारणही हेच. क्यूएमएललिंट (क्यूटीचं कोड तपासणारं टूल) या वॉर्निंग्ज देतो, तो सीआयमध्ये (कोड टाकल्यावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) लावा. पहिल्या दिवशी शेकड्याने येतील, घाबरू नका. बऱ्याचशा एकाच जातीच्या असतात.

– अर्धविराम

*

सगळ्यांचे आभार. डेलिगेटवाला, निदान तंतोतंत. इंडेक्स मागितलाच नव्हता. तो दिल्यावर यादी भरली. बाइंडिंग लूप, तो हँडलर उघडला: विड्थ, ओपॅसिटी आणि व्हिजिबल, तिन्हींना थेट असाइनमेंट.

नियमांचा मसुदा आता उलटा करतोय. बाइंडिंग आणि क्वालिफाइड ॲक्सेस वर, क्रमाचा मुद्दा क्यूएमएलफॉरमॅटवर सोपवला. अंडरस्कोअरवाल्यांना 'डेलिगेटमध्ये तुमचंच चालेल' असं सांगितल्यावर ते सध्या गप्प आहेत.

एक शंका उरलीच. आतला डेलिगेट वेगळ्या कंपोनंटमध्ये असल्यामुळे त्यातून बाहेरच्या फाइलचा 'रूट' वापरला तरी लिंट कुरकुरतो. हे कसं मिटवायचं?

– महिरपी कंस

*

फाइलच्या अगदी वर 'प्राग्मा कंपोनंटबिहेव्हियर: बाउंड' लिहा, क्यूटी ६.५ पासून चालतं. मग त्या फाइलमधले आयडी आतल्या कंपोनंटला खात्रीने मिळतात आणि वॉर्निंग जाते. मात्र त्याआधी त्या फाइलमधल्या सगळ्या डेलिगेट्सचं रिक्वायर्ड प्रॉपर्टीचं काम उरकून घ्या, कारण बाउंड केल्यावर रोल्स दुसऱ्या वाटेने मिळत नाहीत.

– डेलिगेटवाला