‘लाघवी खलनायक’ म्हणता येईल का?

रानजाई
फिल्म क्लबसाठी टॅरंटिनोच्या ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’वर (२००९) टिपण लिहितेय. कर्नल हान्स लांडाला ‘लाघवी खलनायक’ म्हटलं, तर आत्याने लाल पेनाने ‘लाघवी’ खोडलं. तिने आयुष्यभर मराठी शिकवलंय. म्हणाली, “लाघवी लेकरू असतं गं, नाझी नव्हे.”
पण पहिला प्रसंग आठवा. १९४१, फ्रान्समधलं शेतघर. हा वाईन नको म्हणतो, दूध मागतो, ग्लास एका दमात संपवतो, पोरींचं आणि गायींचं सारखंच कौतुक करतो. फळ्यांखाली ज्यू कुटुंब श्वास रोखून पडलंय. मला तो बोलतच राहावा असं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच भीती वाटली. याला शब्द कोणता?

पाणंद
करिश्मा. पेपरात रोज वाचतो आपण.

उंबराचं_फूल
नको. करिश्मा फारसी. मूळ अर्थ नखरा, नेत्रकटाक्ष. इंग्रजी कॅरिस्मा ग्रीक, कृपेच्या अर्थाचा. नुसतं ध्वनिसाम्य बघून आपण एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटवला. मराठीत ‘मोहिनी’ असताना ही उसनवारी कशाला?

सातबारा
त्याच प्रसंगात लांडा टेबलावर कागद, शाई मांडतो. हे दोन्ही शब्द फारसीतूनच आले, ते काढणार का? आणि मोहिनीचं म्हणाल, तर ती विष्णूने घेतली, भस्मासुर तिला भुलला. इथे असुरच भुलवतोय!

कोरांटी
रानजाई, तुझा शब्द अचूक आहे. लाघव लघुपासून आलंय. हलकेपणा, सफाई. हस्तलाघव म्हणतोच ना? लांडाची बोटं बघ. फ्रेंच बोलता बोलता अलगद इंग्रजीवर येतो, खाली लपलेल्यांना कळू नये म्हणून. ते लाघवच आहे. आत्याबाईंनी शब्दाचं बालपण तेवढं धरून ठेवलंय.

पाणंद
माझी आजी असल्या माणसाला ‘केसाने गळा कापणारा’ म्हणायची. एक शेजारी होता, घरी आला की पहिल्यांदा आजीच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. बांध सरकवला त्यानेच.

सातबारा
तो दगाबाज झाला, भुरळ पाडणारा नव्हे. मी ‘गारूड’ म्हणेन. लहानपणी पारावर गारुडी यायचा. पुंगी डावीकडे गेली की नाग डावीकडे. मास्तरांनी सांगितलं, नाग सूर ऐकत नाही, हालचाल बघतो. तो शेतकरी तसाच खिळून बसलाय लांडासमोर.

उंबराचं_फूल
गारूड मान्य. पण ‘खलनायक’ खटकतो. नाट्यशास्त्राच्या परंपरेत ‘प्रतिनायक’ आहे. खल म्हटलं की माणूस आधीच निकालात निघतो.

कोरांटी
पसायदानात ‘खळ’ आहेत, आणि त्यांची वाकडी वृत्ती जावो एवढंच मागितलंय. कुठे निकालात निघाले? निळू फुल्यांना आपण खलनायकच म्हणत आलो, तरी नजर त्यांच्यावरून हलायची नाही. लांडा साकारणाऱ्या क्रिस्टोफ वॉल्ट्झला २००९ मध्ये कान महोत्सवात पुरस्कार आणि पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं ते याच भूमिकेसाठी.

रानजाई
टिपण उद्या सकाळी छापायला जातंय. आत्या गारुडालाही तयार नाही, म्हणते ते संगीताला वापरतात. आणखी एक अडलंय. पुढे स्ट्रूडेलच्या, म्हणजे सफरचंद भरलेल्या गोड पेस्ट्रीच्या, प्रसंगात लांडा त्या ज्यू कुटुंबातून वाचलेल्या शोशानाला खाऊ देत नाही, आधी क्रीम येऊ दे म्हणतो. मी ‘साय’ लिहिलंय.

पाणंद
साय दुधावर धरते. हे फेटलेलं असतं.

सातबारा
मग मलई.

उंबराचं_फूल
मलई म्हणजे सायच ना? फरक सांगा.