आपल्या गल्लीतल्या आशाताई : खान्देशातले अनुभव

आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या सरकारी आरोग्य योजनेतल्या स्वयंसेविका, म्हटलं की खेडं डोळ्यापुढे येतं, कारण २००५ मध्ये योजना आली ती ग्रामीण भागासाठी. शहरात त्या दिसू लागल्या २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानंतर; साधारण १००० ते २५०० लोकवस्तीमागे एक. पण शहरात खोली बदलली की माणूस त्यांच्या यादीतून गायब. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, कुठलंही गाव चालेल. त्यांनी तुम्हाला कसं गाठलं, कशावरून वाजलं, जे घडलं ते लिहा. आशाताई स्वतः लिहिणार असतील तर फारच छान.

पांझराकाठची (धुळे)
मी आशाच आहे. माझ्या वस्तीत पावरलूमवरचे कामगार जास्त. मागे एका भाऊंना टीबी निघाला. पहिली अट त्यांनीच घातली, "ताई, घरी येऊ नका." बरोबरच होतं. मी रजिस्टर घेऊन दारात उभी राहिले की शेजारणी कान टवकारतात, आणि घरमालकाला कळलं तर खोली गेलीच. मग पाळी सुटायच्या वेळेला कारखान्याबाहेर चहाच्या टपरीवर भेटायचं ठरलं. ते खिशातून रिकामी स्ट्रिप काढून दाखवायचे, मी कार्डावर खूण करायचे. गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, लघवी केशरी होईल, घाबरू नका, रिफाम्पिसिनचा रंग आहे तो. हे न सांगितल्यामुळे माणसं दुसऱ्याच दिवशी गोळ्या फेकतात. खरी कसोटी दोन महिन्यांनी. खोकला थांबतो, भूक लागते, मग "आता कशाला?" अर्धवट सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल! पोषण आहाराचे पैसे (तेव्हा महिन्याला ५००, नोव्हेंबर २०२४ पासून १०००) अडकले होते, खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. बँकेतही मीच गेले सोबत. सहा महिने पूर्ण केले त्यांनी. आता रस्त्यात दिसले तर ओळख दाखवत नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

नवी आई, जळगाव
माझी डिलिव्हरी दवाखान्यात झाली, घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ताई हजर. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला झोळीत घालून काट्याला लटकवलं तेव्हा सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. वाजलं ते शेगडीवरून. बंद खोलीत कोळशावर ओवा टाकून धुरी चालू होती. ताई म्हणाल्या, "मावशी, आधी खिडकी उघडा, मग बोलू." सासूबाई अहिराणीत बरंच काही बोलल्या, ते इथे लिहीत नाही. खिडकी मात्र उघडली. शेगडी दोन दिवसांनी गॅलरीत गेली.

भुसावळकर
पोलिओच्या रविवारी आमच्या पोराने करंगळीची शाई पुसून दुसऱ्या बूथवर परत डोस घेतला, फुगा मिळतो म्हणून. बाकी अनुभव नाही.

भाडेकरू
आमच्या कॉलनीत कुणीच फिरकत नाही. सगळं झोपडपट्टीलाच का?

पांझराकाठची (धुळे)
भाऊ, शहरी आशा मुख्यतः गरीब वस्त्यांसाठीच नेमतात, म्हणून. तिथेही दार उघडेलच असं नाही. एक बाई म्हणाली, "सुई टोची का ताप येस, मंग मी कामले कशी जाऊ?" तिचा रोज बुडतो, त्याला माझ्याकडे उत्तर काय? तरी संध्याकाळी गेले, ती कामावरून आल्यावर. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते नर्सताईंनी लिहून दिलं होतं, तेच समजावलं. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी बाळ घेऊन स्वतः आली.

आणि मोबदल्याचं कुणी विचारलं नाही, मीच सांगते. आम्हाला पगार नाही, कामागणिक पैसे. २०२३ च्या संपानंतर राज्याने महिन्याला ५००० वाढवले, पण हातात कधी पडतील ते कुणी सांगत नाही. ॲपवर माहिती भरायची, रेंज नसेल तर घरी येऊन रात्री भरायची.

भाडेकरू
बरं ताई. माझ्या मुलीचं लसीचं कार्ड सुरतचं आहे, इथे चालेल का? मधे दोन डोस राहिलेत.

पांझराकाठची (धुळे)
चालतं. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी कार्ड घेऊन जा. पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेले डोस तिथून पुढे देतात. कार्ड लॅमिनेट करू नका, त्यावर पुढचं लिहायचं असतं.