कनेक्टिकट ट्रेल्स डे: आई-बाबांना घेऊन कुठल्या हाईकला जावं?

ओसरी

नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी कनेक्टिकटभर ट्रेल्स डेच्या हाईक्स असतात, त्याबद्दल विचारायचंय. आई-बाबा सध्या आमच्याकडे आलेत, जूनच्या मध्याला परत जातील. बाबा ६९, आई ६४. बाबांची उमेदीची वर्षं बँकेत आणि रविवार सह्याद्रीत गेले. राजगड, हरिश्चंद्रगड, नळीची वाट हे ऐकतच आम्ही मोठे झालो. आता त्यांचा डावा गुडघा कुरकुरतो, पण ते कबूल करतील तर शपथ. आई रोज तासभर चालते, पण सपाटीवर. दगडांतून उतरायचं म्हटलं की ती आधी कुणाचा तरी हात शोधते.

कार्यक्रमांची यादी उघडली आणि गरगरलं. पायी, सायकलवर, घोड्यावर, होडीतून, पक्षी बघायला, वाट दुरुस्त करायला, काय नाही त्यात! बाबांनी इथल्या स्लीपिंग जायंट डोंगराची उंची ७३९ फूट वाचली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी बूट कशाला घालायचे?" त्यामुळे मला भीती अशी की सोपी निवडली तर ते कंटाळणार, अवघड निवडली तर आई गाडीतच बसून राहणार.

अनोळखी लोकांच्या घोळक्यात आपली मंडळी मागे पडली तर काय होतं? आईला इंग्रजी कळतं, पण बोलायला ती संकोचते. आणि टिक्सचा (अंगाला चिकटणाऱ्या गोचिडांचा) इथे सगळे बाऊ करतात, ते कितपत खरं? शिवाय भाऊ न्यू जर्सीहून त्याची गाडी घेऊन येणार आहे, पार्किंगचं काय?

निळा_पट्टा

अगं, आधी डोंगराचं नाव बघणं सोड. माहितीत अंतर, चढ आणि वेग लिहिलेला असतो, तो वाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाईक कोण नेणार आहे ते बघ. त्या व्यक्तीचा संपर्क दिलेला असतो. तिला सरळ लिहायचं: "वडील ६९, गुडघा दुखतो, आई उतारावर हळू चालते, चालेल का?" चांगला लीडर मोकळेपणाने उत्तर देतो, गरज पडली तर "तुमच्यासाठी दुसरी हाईक बरी" असंही सांगतो. ज्याचं उत्तरच येत नाही त्याच्या मागे आई-वडिलांना घेऊन जाऊ नये, हे माझं मत. मी इथे वाट दुरुस्तीच्या कामाला जाते, अधूनमधून हाईकही नेते, म्हणून ठासून सांगतेय.

मागे पडण्याचं म्हणशील तर बहुतेक गटांत शेवटी चालणारा एक माणूस नेमलेला असतो. त्याच्या मागे कुणी राहत नाही. सुरुवातीलाच त्याची ओळख करून घ्यायची. अर्ध्यातून परतायचं असेल तर खुशाल परता, फक्त सांगून परता. न सांगता गाडीकडे गेलेल्या माणसाला शोधत आख्खा गट झाडीत हाका मारत फिरतो, तो प्रकार फार वाईट.

आता तुझ्या बाबांचं. ७३९ फूट आकड्यावर जाऊ नका. इथले डोंगर उंचीने लहान, पण निळ्या पट्ट्यांच्या वाटा (झाडांवर निळे पट्टे रंगवून खुणा केलेल्या) कड्याच्या कडेकडेने वरखाली करत जातात आणि जायंटवर काही ठिकाणी चक्क हात टेकून चढावं लागतं. त्याच डोंगरावर टॉवर ट्रेलही आहे: रुंद, खडी टाकलेला, एका बाजूने १.६ मैल, वर दगडी मनोरा. आईला तो जमेल. पण ट्रेल्स डेला तिथे जत्रा असते हे धरून चाल.

मी तुझ्या जागी असते तर भूगर्भशास्त्रावरची एखादी हाईक असली तर तीच पकडली असती. न्यू हेवनपासून उत्तरेला मॅसॅच्युसेट्सपर्यंत जी डोंगररांग जाते ती काळ्या बसाल्टची आहे. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटत होती तेव्हा वर आलेला लाव्हा. आपला सह्याद्रीचा कातळ त्या मानाने कालचा, साधारण ६.६ कोटी वर्षांचा. कड्याखाली उभं राहिलं की तेच उभे चिरलेले खांब, पायाखाली तीच घसरडी काळी खडी. बाबांना काही समजावून सांगावं लागणार नाही, ते स्वतःच हात लावून बघतील. आणि अशा हाईकला लीडर दर दहा मिनिटांनी थांबून बोलतो, त्यामुळे गुडघ्याला आयता विसावा मिळतो. कुणी थकलंय हे कबूल करावं लागत नाही!

भावाची गाडी: कनेक्टिकटच्या नंबरप्लेटला स्टेट पार्कात पार्किंग मोफत आहे, त्याचे पैसे आपण रजिस्ट्रेशनबरोबर आधीच भरलेले असतात. बाहेरच्या राज्याच्या गाडीला बऱ्याच पार्कांत शनिवार-रविवारी पैसे पडतात. सगळे तुमच्या गाडीत मावत असाल तर त्याची गाडी घरीच ठेवा. नाहीतरी वाटेच्या तोंडाशी जागा मोजकीच असते.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून सांगते. मोठ्या स्टेट पार्कात स्वच्छतागृह बहुधा असतं. पण निळ्या वाटांची बरीच सुरुवात म्हणजे रस्त्याकडेला चार गाड्यांपुरती मोकळी जागा आणि एक पाटी, बाकी काही नाही. आईसाठी हे आधी विचारून घे.

एकला_चालो

माझं वेगळं मत. तीस माणसांच्या रांगेत, पुढच्याच्या पाठपिशवीकडे बघत चालायचं म्हणजे हाईक नाही, शाळेची सहल झाली. वाटा वर्षभर तिथेच असतात. सोमवारी सकाळी जा, कुणी नसतं. सिम्सबरीला टॅलकट माउंटनवर ह्यूब्लाइन टॉवरला न्या. सव्वा मैल जायचं, सुरुवातीचा चढ छातीवर येतो, पुढे कड्यावरून निवांत चाल आणि खाली फार्मिंग्टन नदीचं खोरं पसरलेलं दिसतं. टॉवर १६५ फुटांचा आहे. मात्र आतून वर जायचं असेल तर तो कधी उघडा असतो ते बघून जा.

निळा_पट्टा

एकला_चालो, वाट छान सुचवलीत, पण सोमवारी लेक आणि जावई ऑफिसला जाणार नाहीत का? आणि पाहुणे आलेल्या आई-वडिलांचा दिवस नाहीतरी चार भिंतींत आणि टीव्हीसमोरच जातो. त्यांना इथली माणसं कधी भेटणार? माझ्या सासूबाई अशाच एका हाईकला आल्या होत्या. इंग्रजी बेताचं. एका निवृत्त शिक्षिकेने त्यांना वाटेतली झाडं दाखवली, सासूबाईंनी तिला डब्यातली दशमी दिली, आणि दोघी उतरताना एकमेकींचा हात धरून होत्या. बोलणं किती झालं देव जाणे.

तीसजणांच्या रांगेबद्दल म्हणाल तर सगळीकडे तसं नसतं. बऱ्याच हाईक्सना संख्या ठरलेली असते, म्हणून ओसरी, नाव आधी नोंदव. बहुतेक कार्यक्रम मोफत आहेत. सकाळी निघण्यापूर्वी ईमेल एकदा बघ, वादळाचा अंदाज असेल तर लीडर रद्द करतो.

खडीचा_चढ

टिक्सबद्दल मी लिहितो, कारण घरात लाइम, म्हणजे टिक चावल्याने होणारा आजार, झालेला आहे. बाऊ नाही, खरंच जपायचं. त्या आजाराला नाव मिळालं तेच याच राज्यातल्या लाइम गावावरून. जूनमध्ये टिकची पिल्लं ऐन भरात असतात आणि ती खसखशीएवढी असतात, चावलेलं कळतसुद्धा नाही.

फुल पँट घाला, पायमोजे पँटवर ओढून घ्या. कसं दिसतंय याची पर्वा नको. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी मारून वाळवा, अंगाला अजिबात नाही. अंगावर डीईईटीवालं (किडे दूर ठेवणारं) औषध चालतं. घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं, मग धुवायला. अंघोळ लगेच. काखा, गुडघ्याची मागची बाजू, कमरेची पट्टी, कानामागे, केसांत बघा. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. काडेपेटी, व्हॅसलीन, तेल असले प्रयोग नकोत. जंतू अंगात जायला साधारणपणे चोवीस तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून त्याच दिवशी बघण्याला महत्त्व.

आणि हे फक्त तुमच्यासाठी: लक्षणं चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत दिसतात, म्हणजे तोवर आई-बाबा भारतात पोचलेलेही असू शकतील. ताप आला, अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा आला तर तिकडच्या डॉक्टरांना "आम्ही जूनमध्ये कनेक्टिकटच्या जंगलात होतो" हे आपणहून सांगायला सांगा. तिकडे रोज बघायला मिळणारा आजार नाही हा, त्यांच्या डोक्यात तो पटकन येणार नाही.

पॉयझन आयव्हीचा, म्हणजे हात लागला की अंगावर खाजरं पुरळ उठवणाऱ्या वेलीचा, फोटोही दोघांना दाखवून ठेवा. एका देठाला तीन पानं. बाबा आधाराला वेल धरायच्या सवयीचे असतील तर विशेष.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन लीडर्सना लिहिलं. एकाने कळवलं की त्याचा वेग जास्त आहे, आईला त्रास होईल. दुसऱ्या बाईंनी उलट विचारलं, वडिलांना काठी चालेल का, माझ्याकडे जादा आहे. तीच हाईक नक्की केली: दगडांची माहिती सांगणारी, छोटी, शनिवारी सकाळी. २० कोटी वर्षं ऐकल्यापासून बाबा जुने फोटो काढून बसलेत, कोकणकड्याचा एक बरोबर नेणार म्हणतात, "त्या बाईंना दाखवायला".

आता नवीन प्रश्न. बाबांना रविवारी वाट दुरुस्तीलाही जायचंय. ६९ वर्षांच्या माणसाला घेतात का? आणि काम नेमकं काय असतं?

निळा_पट्टा

घेतात. सगळ्यांनीच दगड उचलायचे नसतात. वाटेवर आलेल्या फांद्या कात्रीने छाटणं, पावसाचं पाणी वाटेवरून बाजूला काढायला आडवी चर करणं, आणि झाडावरचे निळे पट्टे पुन्हा रंगवणं अशी कामं असतात. रंगाचं काम मागून घ्या, पण ते ज्याने आधी केलंय त्याच्यासोबतच करायला मिळतं. आधी खोडाची साल खरवडून सपाट करायची, मग उभा आयत, कडा सरळ. वाट वळणार असेल तिथे दोन पट्टे, एकावर एक. वरचा ज्या बाजूला सरकवलेला तिकडे वळायचं. सह्याद्रीतल्या बाणांची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा हे चुकीचं रंगवलंय असंच वाटतं.

१९२९ पासून या निळ्या वाटा चालू आहेत, आता ८०० मैलांच्या वर आहेत, आणि त्यातलं बरंच काम अशा शनिवार-रविवारवाल्या लोकांनीच केलेलं आहे. हातमोजे आणि जाड तळाचे बूट घालून या म्हणावं. हत्यारं तिथे देतात. फक्त शनिवारी गुडघा कसा राहतो ते बघ आणि मगच रविवारचं नाव नोंदव, बाबांना न विचारता.