क्युबाच्या निषेधाला विरोध करणाऱ्या निवेदनावर आमच्या युनियनने सही करावी का?

वैशाली_ठाणे

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एका कर्मचारी युनियनच्या कार्यकारिणीवर आहे. मध्यंतरी आमच्याकडे क्युबाशी एकजूट दाखवणाऱ्या एका समितीचं निवेदन सहीसाठी आलं. मागण्या दोन. एक, अमेरिकेने क्युबाचं नाव दहशतवादाला थारा देणाऱ्या देशांच्या यादीतून काढावं. दोन, युरोपियन संसदेत आणि इतर ठिकाणी क्युबाच्या निषेधाचे जे ठराव येत राहतात त्यांना विरोध.

मीटिंगमध्ये जुन्या लोकांनी लगेच हात वर केले, क्युबा म्हटल्यावर प्रश्नच नाही असं त्यांचं. पण आमच्यातल्याच एका तरुण पोराने विचारलं की मॅडम, तिथं रस्त्यावर उतरले म्हणून लोक तुरुंगात आहेत, आपण इथं मोर्चे काढतो आणि तिकडच्या मोर्चेकऱ्यांना आत टाकणाऱ्या सरकारसाठी सही कशी करायची? सगळे गप्प. विषय पुढच्या मीटिंगवर ढकललाय.

मला "आपलेच आहेत, करा सही" हेही पटत नाही आणि "आपल्याला काय करायचंय तिकडच्या भानगडीत" हे तर अजिबातच नाही. अशा निवेदनांनी काही फरक पडतो का? बाहेर हे ग्रुप काम कसं करतात? कुणाला जवळून माहीत असेल तर सविस्तर लिहा, मला ते सभासदांना वाचून दाखवता येईल.

सोलापूरचा_जुना

ताई, मी त्या हात वर करणाऱ्यांपैकीच. पण का ते सांगतो.

१९९१ ला सोव्हिएत युनियन गेलं आणि क्युबाचा बहुतेक सगळा व्यापार त्यांच्याशीच होता तो एकदम बंद पडला, तेल नाही, गहू नाही, औषधं नाहीत. त्यात अमेरिकेने १९९२ ला टॉरिसेली कायदा करून गळा आणखी आवळला, म्हणजे परदेशात असलेल्या अमेरिकन कंपन्यांच्या शाखांनीही क्युबाशी व्यापार करायचा नाही आणि जे जहाज क्युबाच्या बंदराला लागेल त्याला सहा महिने अमेरिकेच्या बंदरात माल चढवायला-उतरवायला बंदी. तिथं १९९२-९३ मध्ये नजर अधू होण्याची साथच आली होती, ५० हजारांवर लोकांना झाली, कारण मुख्यतः निकस खाणं. सरकारने मग घरोघरी व्हिटॅमिनच्या गोळ्या वाटल्या.

त्या वेळी माकपचे नेते हरकिशनसिंग सुरजित यांनी इथं गव्हाची मोहीम काढली. १० हजार टन गहू गोळा झाला, नरसिंह राव सरकारने तेवढाच आणखी दिला, वर साबण, आणि कॅरिबियन प्रिन्सेस नावाच्या जहाजाने तो हवानाला गेला. आमच्याकडे विडी कामगार बायकांमध्ये डबा फिरवला होता. हजार विडीमागे मजुरी काय मिळायची ते सोलापूरकरांना सांगायला नको, तरी एकेकीने पदराची गाठ सोडून रुपया-दोन रुपये टाकले. एक म्हातारी म्हणाली होती, कुठंय ते गाव? मी म्हटलं लांब आहे, समुद्रापलीकडं. ती म्हणाली, मग जहाजाचं भाडं पण लागेल की, आणि अजून आठ आणे टाकले.

हे भावनेचं झालं, मान्य. पण एक आकडा मीटिंगमध्ये जरूर सांगा. नाकेबंदी, म्हणजे अमेरिकेने क्युबावर घातलेली व्यापारबंदी, उठवा असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ ला पहिल्यांदा आला तेव्हा बाजूने ५९, विरोधात ३, आणि ७१ तटस्थ. २०२४ ला तोच ठराव, बाजूने १८७, विरोधात फक्त अमेरिका आणि इस्रायल. हे आपोआप नाही झालं, देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या सरकारांच्या मागे लागून लागून करून घेतलंय. भारताचं मतही क्युबाच्याच बाजूने पडत आलंय, मग राज्य कुणाचंही असो.

अनिकेत_कोलोन

जर्मनीत राहतो, इथल्या एका एकजूट ग्रुपमध्ये काम करतो, त्यामुळे काम कसं चालतं ते सांगू शकतो.

आमचं बरंचसं काम कंटाळवाणं आहे. हॉस्पिटलांनी टाकलेले पण चालू स्थितीतले बेड, व्हीलचेअर, सर्जिकल सामान गोळा करायचं, कंटेनर भरायचा, कागदपत्रं करायची. दुसरीकडे खासदारांना पत्रं, ठराव यायच्या आधी भेटी. युरोपियन संसदेने २०२१ मध्ये क्युबाचा निषेध केला तेव्हा आम्ही आमच्या भागातल्या खासदारांना भेटलो होतो, एकाने सरळ विचारलं, तुम्ही मानवाधिकाराच्या विरोधात आहात का? आम्ही म्हटलं नाही, पण ठरावात तुरुंगाबद्दल एवढं लिहिलंत तर इन्सुलिन का पोचत नाही त्याबद्दलही तेवढंच लिहा.

आता यादीचं. लोकांना वाटतं यादीत नाव म्हणजे नुसती बदनामी. तसं नाहीये, खरा मार बँकांमधून बसतो. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेने २०१४ मध्ये जवळजवळ ९ अब्ज डॉलर दंड लावला, सुदान, इराण आणि क्युबाशी व्यवहार केले म्हणून. त्यानंतर कुठली बँक धोका पत्करेल? आम्ही मागे एका पुरवठादाराला, तोही जर्मनीतलाच, पैसे पाठवले, कारणाच्या रकान्यात "क्युबासाठी व्हीलचेअर" एवढंच लिहिलं होतं. पैसे परत आले, वर बँकेचं पत्र की खुलासा द्या. जर्मनीतून जर्मनीत, युरोमध्ये! असे व्यवहार अडवू नयेत म्हणून युरोपियन युनियनने १९९६ पासून कायदा करून ठेवलाय, तरी बँका घाबरतात. शिवाय २०२१ नंतर जो युरोपियन माणूस क्युबाला जाऊन आला त्याला अमेरिकेत ऑनलाइन परवानगीवर जाता येत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो, त्यामुळे बरेच टुरिस्ट तिकडं फिरकतच नाहीत, आणि पर्यटन हा तर त्यांचा एक मोठा धंदा.

अमेरिकेत राहून हे करणाऱ्यांचं मला जास्त कौतुक आहे. लुशस वॉकर नावाचे बॅप्टिस्ट पाद्री होते, त्यांनी १९९२ पासून मदतीचे ताफे न्यायला सुरुवात केली, मुद्दाम परवाना न मागता. १९९३ ला टेक्सासच्या लारेडो सीमेवर त्यांची पिवळी स्कूल बस अडवली, का तर म्हणे क्युबाचं लष्कर ती वापरेल. माणसं त्या बसमध्येच उपोषणाला बसली, भर उन्हाळ्यात, २३ दिवस. शेवटी बस सोडावी लागली आणि ती हवानाला गेली.

मृणाल_माद्रिद

वर सगळं वाचलं, आदर आहे, पण वैशालीताई, तुमच्या त्या तरुण सभासदाचा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला, आणि तोच तर मुख्य आहे.

मी माद्रिदमध्ये वृद्धांची काळजी घेण्याचं काम करते, माझ्याबरोबर तीन-चार क्युबन बायका आहेत. त्या काही देश सोडून अमेरिकेत मायामीला स्थायिक झालेल्या श्रीमंत क्युबन नाहीत, एक तर तिथं नर्स होती आणि इथं म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. तिचा भाचा ११ जुलै २०२१ ला रस्त्यावर उतरला. त्या दिवशी सान अंतोनिओ दे लोस बान्योस या गावात वीज जाते म्हणून लोक बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत देशभर निदर्शनं झाली. काही ठिकाणी दगडफेक, दुकानफोड झाली हे खरं, पण बहुतेक लोक नुसते ओरडत चालत होते. त्यानंतर राजद्रोहाचे खटले भरून काहींना २०-२५ वर्षं, काहींना ३० वर्षांपर्यंत शिक्षा दिल्या. तिच्या भाच्याला भेटायला त्याची आई दर वेळी साखर, पाव, साबण असं सामान पाठीवर घेऊन जाते कारण आत खायला धड मिळत नाही, आणि बस नसली तर ती रात्रीच निघून ट्रकच्या मागे बसून जाते. ही माझी मैत्रीण फोन ठेवल्यावर दहा मिनिटं कुणाशी बोलत नाही.

तिला नाकेबंदीबद्दल विचारा, ती अमेरिकेला शिव्या घालते. पण इथं एकजूटवाल्यांची सभा असते तेव्हा ती रस्ता बदलून जाते. म्हणते, यांच्या निवेदनात माझा देश असतो पण माझा भाचा कधीच नसतो.

मला वाटतं छोट्या देशाची बाजू घेणं आणि तिथल्या सरकारची बाजू घेणं यात फरक करता यायला हवा. पोर्तुगीज लेखक जोझे सारामागो जन्मभर क्युबाच्या बाजूचे, पण २००३ मध्ये बोट पळवून नेणाऱ्या तिघांना घाईघाईने गोळ्या घातल्या आणि ७५ विरोधकांना आत टाकलं तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की मी इथपर्यंतच. माझं मत, आत्ता आहे त्या मजकुरावर सही करू नका.

रमेश_कोल्हापूर

मृणाल, तुमचं दुःख खरंय आणि त्या बाईचं वाक्य निवेदन लिहिणाऱ्यांनी भिंतीवर लावावं. पण त्यावरून "सही नको" निघत नाही असं मला वाटतं. निषेधाच्या ठरावांनी त्या भाच्यासारख्यांचं काय भलं झालं ते तर बघू.

जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार आयोग होता ५३ देशांचा. तिथं नव्वदच्या दशकापासून जवळजवळ दर वर्षी क्युबावर मतदान व्हायचं. १९९८ ला ठराव पडला, १६ विरुद्ध १९. पुढच्या वर्षी अमेरिकेने चेक प्रजासत्ताक आणि पोलंडला पुढे केलं आणि २१ विरुद्ध २० ने पास. २००४ ला होंडुरास पुढे, २२ विरुद्ध २१. एकेका मतासाठी छोट्या गरीब देशांवर दबाव, त्याच सभागृहात ग्वांतानामोच्या अमेरिकन तुरुंगाबद्दल मात्र मोठ्या देशांची वाचा बसलेली, आणि ग्वांतानामो तर क्युबाच्याच जमिनीवर! भारत या ठरावांच्या विरोधात मत द्यायचा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांनी क्युबासाठी नेमलेल्या क्रिस्तीन शाने या फ्रेंच न्यायाधीश होत्या, त्यांनी अहवालात कैद्यांना सोडा असं स्पष्ट लिहिलं आणि नाकेबंदीचे परिणाम लोकांच्या हक्कांवर फार वाईट होतायत हेही लिहिलं. ठराव आणणाऱ्यांनी पहिला भाग तेवढा उचलला.

आता हे बघा. १४ जानेवारी २०२५ ला बायडेन यांनी क्युबाचं नाव यादीतून काढत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी, व्हॅटिकनच्या मध्यस्थीने, क्युबाने ५५३ कैदी सोडायची घोषणा केली. लोक घरी यायला लागले, त्यात ११ जुलैवाले बरेच होते. २० जानेवारीला ट्रम्प आले, पहिल्याच दिवशी नाव परत यादीत. सुटका मध्येच थांबली, मग मार्चपर्यंत पूर्ण केली गेली. इतक्या वर्षांच्या निषेधाने जे झालं नाही ते आवळलेला गळा थोडा सैल केल्यावर झालं. म्हणून माझं म्हणणं, यादीतून नाव काढा ही मागणी कैद्यांच्या विरोधातली नाहीच.

आणि नाव यादीत टाकलं कशासाठी? २०२१ ला मुख्य कारण दिलं की कोलंबियाच्या ईएलएन बंडखोरांचे नेते क्युबाने सोपवले नाहीत. ते हवानात आलेच होते कोलंबिया सरकारशी शांतता चर्चेसाठी, नॉर्वे हमीदार होता, आणि चर्चा मोडली तर त्यांना सुखरूप परत जाऊ द्यायचं हे लेखी ठरलं होतं. शब्द पाळला म्हणून दहशतवादी. पुढे कोलंबियाच्याच नव्या सरकारने २०२२ ला त्या नेत्यांवरचे अटक वॉरंट थांबवले तरी नाव तिथंच.

मृणाल_माद्रिद

५५३ चं मला माहीत आहे, तिचा भाचा त्यात नव्हता. जे सुटले तेही बरेचसे शर्तीवर, त्यांच्यातल्या काहींना पुन्हा आत घेतलंय. पण तुमचा मुद्दा कळला, यादीबद्दल माझा विरोध नाही. माझा विरोध त्या दुसऱ्या मागणीला आहे, की निषेध करूच नका.

वैशाली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आज समितीच्या माणसाशी फोनवर बोलले. ते म्हणाले मजकूर सगळ्या देशांत एकच आहे, बदलता येणार नाही, पण युनियनने स्वतःचं वेगळं पत्र दिलं तर ते सोबत जोडतील. मग मी असं मांडणार आहे की पहिल्या मागणीवर सही, आणि आमच्या पत्रात तीन गोष्टी: नाकेबंदी उठवा, नाव यादीतून काढा, आणि ११ जुलैला हिंसा न करता पकडले गेलेल्यांना क्युबा सरकारने सोडावं, कारण संप आणि मोर्चाचा हक्क आम्ही इथं मागतो तोच त्यांचा. पत्राची एक प्रत दिल्लीतल्या क्युबन दूतावासाला. जुने लोक चिडतील, तिसऱ्या मुद्द्यावर वाद होणार हे नक्की.

सोलापूरचा_जुना

चिडतील ताई, मलाही ते वाचताना जड गेलं. मुद्दा रास्त आहे पण. फक्त एक बघा, संयुक्त राष्ट्रांच्या नाकेबंदीच्या ठरावावर २०२५ च्या मतदानात बाजूचे १८७ चे १६५ झालेत, विरोधात ७, तटस्थ १२. अमेरिकेने जोर लावून मतं फोडलीत. अशा वेळी आपलं पत्र कापून तेवढा एकच मुद्दा कुणी छापणार नाही असं लिहा, तिन्ही एकाच वाक्यात गुंफा.

अनिकेत_कोलोन

+१, एकाच वाक्यात. आणि पत्र झालं की मला पाठवा, आमच्या ग्रुपच्या पुढच्या बैठकीत मी ते जर्मनमध्ये वाचून दाखवतो. इथंही हाच वाद दोन वर्षं चालू आहे आणि तिसरा मुद्दा लिहायला कुणी तयार होत नाही. व्हीलचेअरचे पैसे आम्ही शेवटी कारणाच्या रकान्यात फक्त बिल नंबर टाकून पाठवले, ते पोचले, कंटेनर निघालाय.